न्हाणीघर : माणसाच्या मापाने

घर बांधावयास निघालेल्या गृहस्थाचे लक्ष प्रथम दर्शनी बाजूकडे जाते. बैठकीची खोली प्रशस्त असावी, स्वयंपाकघरात भरपूर उजेड यावा, पुढे एखादी ओसरी किंवा सज्जा असावा, असे त्याला वाटते आणि ते साहजिकही आहे. हे सगळे मनाजोगते बसवून झाल्यावर नकाशाच्या एखाद्या कोपऱ्यात जी जागा उरते, ती न्हाणीघराच्या वाट्याला येते. वस्तुतः तान्ह्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या आजीपर्यंत घरातील प्रत्येकाला जेथे दिवसातून अनेकदा जावे लागते, आणि बहुधा एकट्यानेच जावे लागते, अशी ही खोली होय. ओली जमीन, कठीण भिंती, गरम पाणी आणि आतून लावलेली कडी या चारही गोष्टी घरात दुसरीकडे कोठेही एकत्र येत नाहीत. म्हणूनच या खोलीची आखणी उरलेल्या जागेवर सोपवून चालत नाही. ती माणसाच्या शरीराच्या मापाने आणि त्याच्या हालचालीच्या हिशेबाने करावी लागते.

परसातून माजघराशेजारी

जुन्या वाड्यांत स्नान आणि शौच या दोन गोष्टींना दोन अगदी वेगळ्या जागा होत्या. मोरी स्वयंपाकघराला लागून किंवा मागील पडवीत असे. तेथे पाण्याचा बंब, गंगाळ, बसावयास दगड किंवा पाट, आणि खाली शहाबादी किंवा कोट्याची फरशी असे. संडास परसाच्या टोकाला असे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे यांसारख्या शहरांच्या जुन्या वस्तीत त्याला मागल्या बोळातून वाट असे, कारण मैला वाहून नेण्याचे अमानुष काम माणसाकडून करून घेतले जाई. या प्रथेला कायद्याने बंदी झाली ती १९९३ साली, आणि अधिक कडक कायदा आला तो २०१३ साली. बंद गटारे, सेप्टिक टाक्या आणि पाण्याने धुतली जाणारी भांडी आल्यावर संडास दूर ठेवण्याचे कारण उरले नाही. तो घरात आला, मग न्हाणीघराला जोडला गेला, आणि आता निजावयाच्या खोलीलाही चिकटला.

ही सोय मोठीच झाली. परंतु तिच्याबरोबर एक नवी अडचणही आली. पूर्वी दोन ठिकाणी होणारी कामे आता चार-पाच फूट रुंदीच्या एकाच खोलीत होऊ लागली. स्नानाचे पाणी शौचाच्या जागेभोवती पसरू लागले. बसण्यास, वळण्यास आणि उठण्यास लागणारी मोकळी जागा कोणी वेगळी मोजलीच नाही.

किमान म्हणजे पुरेसे नव्हे

भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने या खोल्यांची किमान मापे सांगितली आहेत. २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे स्वतंत्र न्हाणीघर १.८ चौरस मीटरपेक्षा लहान नसावे व त्याची रुंदी १.२ मीटरपेक्षा कमी नसावी. स्वतंत्र शौचखोलीस किमान १.१ चौरस मीटर जागा व ०.९ मीटर रुंदी असावी. दोन्ही एकत्र असतील तर किमान २.८ चौरस मीटर जागा व १.२ मीटर रुंदी असावी. गवंड्याच्या भाषेत सांगावयाचे तर ही एकत्र खोली सुमारे चार फूट रुंद व साडेसात फूट लांब होते. प्रत्येक नगरपालिकेचे स्वतःचे नियम असतात. नकाशा मंजूर करून घेताना ते पाहावेच लागतात.

मात्र हे आकडे कशासाठी आहेत हे समजून घेतले पाहिजे. याहून लहान खोली कोणी बांधू नये, एवढाच त्यांचा अर्थ. एवढ्या जागेत सर्वांना सुखाने वावरता येईल, असे ते सांगत नाहीत. चार फूट रुंदीच्या खोलीत लांब भिंतीला कमोड बसविला, तर तो सुमारे सव्वादोन ते अडीच फूट पुढे येतो आणि समोर जेमतेम दीड-पावणेदोन फूट उरतात. तरुण माणूस तेवढ्या जागेत निभावून नेतो. गुडघे धरलेल्या माणसाला ते साधत नाही.

ते का साधत नाही, याचा प्रयोग कोणालाही घरी करून पाहता येईल. एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून अशी ठेवावी की, बसल्यावर गुडघे भिंतीला जवळजवळ टेकतील. मग हातांचा आधार न घेता उठून पाहावे. कपाळ भिंतीवर आदळते. उठताना माणूस सरळ वर जात नाही. तो आधी पुढे झुकतो, डोके गुडघ्यांच्या पुढे नेतो, शरीराचा भार पावलांवर घेतो आणि मगच उभा राहतो. वय वाढते तसे हे झुकणे अधिक लागते. म्हणजे कमोडसमोरची मोकळी जागा हाच उठण्याचा मार्ग होय.

अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या संहितेत कमोडच्या मध्यरेषेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान १५ इंच आणि समोर किमान २१ इंच अंतर सांगितले आहे. त्याच देशातील स्वयंपाकघर व न्हाणीघर रचनाकारांची संघटना मात्र हीच अंतरे अनुक्रमे १८ व ३० इंच असावीत, अशी शिफारस करते. एक आकडा बसण्याचा आहे आणि दुसरा सुखाने उठण्याचा आहे. नव्याने घर बांधणाऱ्याने दुसरा आकडा धरावा.

आकडे आले कोठून

अशा मोजमापांमागे दुःखाचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जायबंदी होऊन परतलेले सैनिक आणि पोलिओने पांगळे झालेले तरुण यांच्यापुढे शिक्षणाचा व नोकरीचा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट यांनी १९४८ पासून चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी खास व्यवस्था उभारली. त्या अनुभवाच्या व संशोधनाच्या आधारे १९६१ साली इमारती सर्वांना वापरता याव्यात यासाठीचे पहिले अमेरिकन राष्ट्रीय मानक तयार झाले. इंग्लंडमध्ये सेल्विन गोल्डस्मिथ या वास्तुविशारदाला १९५६ साली पोलिओ झाला. त्याने १९६३ साली अपंगांसाठी इमारतींची रचना कशी करावी यावर लिहिलेला ग्रंथ पुढे अनेक देशांत प्रमाण मानला गेला.

आपल्या देशात अपंग व्यक्तींसंबंधीचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला व त्याची जागा २०१६ च्या कायद्याने घेतली. २००५ च्या बांधकाम संहितेत अपंगांसाठीच्या शौचखोलीचे किमान माप १.५ मीटर × १.७५ मीटर दिले होते. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी, दार बाहेर उघडावे आणि आधाराची दांडी भिंतीपासून ५० मिलिमीटर दूर असावी, असेही तेथे म्हटले होते. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२१ साली सार्वत्रिक सुगम्यतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

हे नियम मुख्यतः सार्वजनिक इमारतींकरिता आहेत. स्वतःच्या घरात आजोबांसाठी रुंद दार ठेवा, अशी सक्ती घरमालकावर कोणी करीत नाही. तेथे तपासनीस येत नाही आणि दंडही होत नाही. घरात हा नियम पाळला जातो तो केवळ आपल्या माणसाच्या काळजीपोटी.

दार आणि उंबरठा

आखणीचा आरंभ दारापासून करावा. न्हाणीघराला सामान्यतः अडीच फुटांची चौकट बसवितात. चौकटीचे लाकूड आणि दाराच्या फळीची जाडी वजा केली, तर प्रत्यक्ष वाट सव्वादोन फूटही उरत नाही. तेथून चाकांची खुर्ची जात नाही, आणि दोघांना एकमेकांचा हात धरूनही जाता येत नाही. म्हणून माप चौकटीचे न घेता मोकळ्या वाटेचे घ्यावे. ती वाट ३२ इंचांपेक्षा कमी नसावी आणि तीन फूट असल्यास उत्तम.

दार आत उघडावे की बाहेर, हा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु आत कोणी घसरून पडले आणि दारालाच आडवे झाले, तर आत उघडणारे दार बाहेरच्यांना लोटता येत नाही. मदत करणारा दार ढकलील तर पडलेल्यालाच इजा होईल. यासाठी दार बाहेर उघडावे किंवा भिंतीलगत सरकणारे असावे. आतली कडी अशी असावी की, प्रसंगी ती नाण्याने किंवा पेचकसाने बाहेरून फिरविता येईल.

उंबरठ्याला आपल्याकडे मान आहे. परंतु तो मान घराच्या मुख्य दाराचा. न्हाणीघराचा दोन-तीन इंचांचा उंबरा पाणी अडविण्यासाठी घातला जातो, आणि म्हाताऱ्या माणसाचे पाऊल नेमके त्यालाच अडते. पाणी अडविण्याचे काम उताराकडून करून घ्यावे. दर मीटरला दहा ते पंधरा मिलिमीटर उतार मोरीच्या तोंडाकडे दिला, तर पाणी दाराकडे येत नाही. मग आतल्या व बाहेरच्या जमिनीत अर्ध्या इंचापेक्षा अधिक फरक ठेवण्याचे कारण उरत नाही. संडासाचे भांडे पायरीवर चढवून बसविण्याची जुनी रीतही याच कारणाने टाळावी. खालची नळी बसविण्यासाठी जमिनीत खोलवा लागत असेल, तर तो छत ओतण्यापूर्वीच ठेवून घ्यावा.

कोरडी बाजू, ओली बाजू

खोलीच्या आत तीन वस्तूंचा क्रम महत्त्वाचा आहे. दाराजवळ बेसिन, मध्ये कमोड आणि शेवटी, शक्यतो खिडकीजवळ, स्नानाची जागा असावी. उतार स्नानाच्या जागेकडे असावा. रात्री उठून शौचास जाणाऱ्याचे पाऊल त्यामुळे ओल्या फरशीवर पडत नाही.

उदाहरणादाखल पाच फूट रुंद व आठ फूट लांब अशी खोली घेऊ. दार पाच फुटांच्या भिंतीत एका कडेला ठेवावे. दुसऱ्या कडेच्या लांब भिंतीला आधी दोन फुटांत बेसिन, पुढील तीन फुटांत मधोमध कमोड, आणि टोकाच्या तीन फुटांत स्नानाची जागा बसते. कमोडच्या दोन्ही बाजूंस मध्यरेषेपासून १८ इंच मिळतात. तो २८ इंच पुढे आला तरी समोर ३२ इंच उरतात. दारातून स्नानाच्या जागेपर्यंत वाट सरळ राहते. किमान मापाच्या खोलीपेक्षा ही खोली केवळ दहा चौरस फूट मोठी आहे. परंतु काठी टेकत चालणारा माणूस आणि त्याला धरणारा मुलगा दोघेही तेथे वावरू शकतात.

चाकांची खुर्ची वापरणाऱ्यासाठी मात्र एवढ्याने भागत नाही. माणसासह ती खुर्ची सुमारे अडीच फूट × चार फूट जागा व्यापते आणि पूर्ण वळण्यास तिला पाच फूट व्यासाचे वर्तुळ मोकळे लागते. शिवाय खुर्ची कमोडच्या शेजारी उभी करून बाजूने सरकता यावे, म्हणून कमोडच्या एका अंगाला तीन फूट मोकळी जागा हवी. अशा घरात सुमारे सात फूट × सात फुटांची खोली योजावी.

बसण्याची उंची आणि हाताचा आधार

उकिडवे बसण्याची सवय ज्यांच्या अंगवळणी आहे त्यांनी ती सोडावी, असे नाही. परंतु गुडघे कुरकुरू लागण्याचा दिवस बहुतेकांच्या आयुष्यात येतो. एकच शौचखोली असलेल्या घराने निदान पुढेमागे कमोड बसविता येईल एवढी जागा आजच राखून ठेवावी. साधा कमोड पंधरा-सोळा इंच उंच असतो. उठण्यास त्रास होणाऱ्यांना १७ ते १९ इंचांची बैठक सोयीची पडते. पाय मात्र जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत; बुटक्या आजीला फार उंच बैठकही घातकच.

आधाराची दांडी ही आखणीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित वस्तू आहे. तोल जाताना माणूस हाताला येईल ते धरतो. बहुधा ती टॉवेलची नळी किंवा बेसिनची कड असते, आणि त्या दोन्ही गोष्टी माणसाचा भार पेलण्यासाठी केलेल्या नसतात. अमेरिकन मानकांप्रमाणे आधारदांडीने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलोग्रॅम भार सहन केला पाहिजे. तिची जाडी मुठीत मावेल इतकी, सव्वा ते दीड इंच असावी. कमोडच्या बाजूची आडवी दांडी बैठकीपासून आठ ते बारा इंच वर ठेवावी. पण शेवटचे माप ती वापरणाऱ्याला प्रत्यक्ष बसवून, त्याच्या कोपराच्या उंचीवरून ठरवावे. स्नानाच्या जागेजवळ एक उभी दांडीही हवी.

दांडी भिंतीइतकीच भक्कम असते. पोकळ ठोकळ्यांच्या भिंतीत दांडी येणार असलेल्या ठिकाणी काँक्रीट भरून घ्यावे. फरश्या लावण्यापूर्वी भिंतीतील नळांच्या मार्गांचे छायाचित्र मापपट्टीसह काढून ठेवावे. पुढे भोक पाडताना नळ फुटत नाही.

बादली, तांब्या आणि गरम पाणी

परदेशी पुस्तकांत स्नान म्हणजे टब किंवा शॉवर. आपल्या घरांत ते अजून बहुधा बादली आणि तांब्या घेऊन, बसून होते. त्याची मापे आपणच काढली पाहिजेत. पाटावर बसणे जमत नसेल, तर सुमारे दीड फूट उंचीचे, रबरी टोपणांच्या पायांचे भक्कम स्टूल ठेवावे. परंतु माणूस वर बसला आणि बादली खाली राहिली, तर प्रत्येक तांब्यासाठी त्याला वाकावे लागते. तेव्हा बादलीसाठीही एक फूटभर उंचीचा कट्टा बांधावा आणि नळ बरोबर त्याच्यावर यावा. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोंची असते. ती कोणाला उचलावी लागू नये. बसूनच हातात घेता येईल असा, सुमारे पाच फूट लांब नळीचा शॉवर लावल्यास कामच सोपे होते.

बादलीत आधी थंड पाणी घेऊन मग गरम मिसळावे. विजेच्या गीझरचे बटन खोलीबाहेर असावे. गॅसवर चालणारा गीझर बंद न्हाणीघरात बसवू नये. त्यापासून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस नकळत बेशुद्ध होतो.

फरशीसाठी चकचकीत संगमरवर किंवा गुळगुळीत टाइल वापरू नये. खरबरीत पृष्ठभागाची फरशी घ्यावी आणि तिच्यावरील साबणाचा थर नियमाने घासून काढावा. भिंत, जमीन आणि कमोड हे सगळे पांढरेशुभ्र असले, तर मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना कड दिसत नाही. जमिनीचा रंग वेगळा असावा. निजण्याच्या जागेपासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा जळावा. हाक मारण्यासाठी घंटेची दोरी असावी आणि ती जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली यावी.

एकट्याने जाता येणे

ही सगळी मापे कशासाठी? पडण्याचे भय हे त्याचे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर अधिक खोल आहे. शौचाला किंवा स्नानाला दुसऱ्याचा हात धरून जावे लागणे, ही गोष्ट मानी माणसाला फार लागते. कित्येक वृद्ध रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच कमी पितात. पाहुण्यांकडे राहावयास जाण्याचे टाळतात. आपली अडचण मुलांना सांगत नाहीत. घरच्यांना वाटते की, वयामुळे स्वभाव बदलला. पुष्कळदा स्वभाव तोच असतो. अडलेली असते ती केवळ एक पायरी किंवा नसलेली दांडी.

म्हणून पाया खणण्यापूर्वी घरमालकाने एक साधे काम करावे. गच्चीवर किंवा अंगणात खडूने न्हाणीघराचा नकाशा पूर्ण आकारात आखावा. कमोडच्या जागी खुर्ची, बेसिनच्या जागी पेटी आणि स्नानाच्या जागी स्टूल व बादली ठेवावी. दाराची फळी किती जागा खाते तेही खडूने दाखवावे. मग घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला तेथे चालावयास, वळावयास, बसावयास आणि उठावयास सांगावे, आणि शांतपणे पाहावे. हात कोठे आधार शोधतो, पाऊल कोठे अडखळते, ते आपोआप दिसून येईल. खडूची रेघ हाताने पुसता येते. भिंत एकदा उभी राहिली की तिच्याशी पुढची चाळीस वर्षे जुळवून घ्यावे लागते, आणि त्या चाळीस वर्षांत आज तरुण असलेला घरमालक स्वतःच त्या खोलीतील वृद्ध होणार असतो.